आईची मजुरी कुठे धरली?

उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी ही आपल्या वाडवडिलांनी लावलेली प्रतवारी. आपण पांढरपेशांनी ती केव्हा उलटी करून टाकली, हे आपल्या लक्षातही आले नाही. मुलाने पदवी घ्यावी, अर्ज खरडावेत, मुलाखतीला इस्त्रीचा सदरा घालून जावे आणि नेमणुकीचे पत्र आले की आईने देवापुढे पेढे ठेवावेत, हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे, की ऐन दिवाळीत मुलाने किंवा मुलीने 'मी नोकरी करणार नाही, स्वतःचा धंदा काढणार' असे म्हटले तर वडिलांच्या हातातली चकली हातातच राहते. हे खूळ डोक्यात कुणी भरवले म्हणून चौकशी करावी, तर हल्ली उत्तर मिळते, 'विद्यापीठाने!'

ज्या विद्यापीठांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला कारकून, मास्तर, वकील आणि अधिकारी पुरवले, तीच आता मुलांना दुकान थाटायला सांगू लागली, हा प्रकार आहे तरी काय? पुण्या-मुंबईच्या गोष्टी पुष्कळ ऐकू येतात. आपण जरा खानदेशात जाऊ. मोठ्या शहरात कोणतीही नवी गोष्ट खपून जाते. तिची खरी परीक्षा लहान गावात होते.

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या महामार्गावर नशिराबाद लागते. गाव जुने आणि नांदते. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये या गावाचे नाव काचेच्या बांगड्यांच्या धंद्यासाठी नोंदलेले आहे. म्हणजे 'उद्योजकता' हा जड शब्द भाषेत येण्यापूर्वीच इथल्या भट्ट्यांत उद्योग रसरसत होता. आजचा नशिराबादचा विद्यार्थी मात्र सकाळी एस.टी. पकडतो, जळगाव ओलांडतो आणि त्याच महामार्गाने पश्चिमेला गिरणेच्या बाजूस, बांभोरीजवळच्या विद्यापीठात येतो. १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे त्याचे तीन जिल्हे. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. बहिणाबाईंचे माहेर आसोदे, म्हणजे नशिराबादच्याच टापूतले.

या विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्राची प्रशाळा आहे. तिथे एम.बी.ए.चे शिक्षण मिळते. शेजारी रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे. तिथे तेले, रंग, प्लॅस्टिक आणि अन्न यांचे तंत्रज्ञान शिकवले जाते. तेलबिया, केळी, डाळी आणि प्लॅस्टिकच्या नळ्या-चटया यांवर जगणाऱ्या जिल्ह्याला साजेशीच ही रचना आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने 'नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य' असे भारदस्त नाव असलेले नवे खाते विद्यापीठांत आणले. त्याप्रमाणे इथेही तसे केंद्र उभे राहिले, आणि राज्याच्या नावीन्यता सोसायटीचे साहाय्य त्याला मिळाले. अशा केंद्राला बोलीभाषेत सगळे 'इन्क्युबेशन सेंटर' म्हणतात. मराठीत सांगायचे तर उबवणी केंद्र.

उबवणी हा शब्द ऐकून हसू येत असेल, तर ते अगदीच अस्थानी नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बटेव्हिया नावाचे लहानसे गाव आहे. तिथला शेतीच्या अवजारांचा मोठा कारखाना बंद पडला आणि गावावर बेकारीची कुऱ्हाड कोसळली. १९५९ साली जोसेफ मॅन्कुसो या गृहस्थाने त्या रिकाम्या इमारतीचे लहान लहान गाळे पाडले आणि नवख्या धंदेवाल्यांना भाड्याने दिले. जागेबरोबर कचेरीची सोय, हिशेबाचा सल्ला आणि सावकाराशी ओळख हीदेखील तो देई. भाडेकरूंत एक कोंबड्यांचा व्यवसाय करणाराही होता. त्यावरून थट्टेत 'उबवणी यंत्र' हा शब्द निघाला आणि जगभर रूढ झाला. विद्यापीठांनी या विषयाला हात घातला तो याच्याही आधी. हार्वर्डच्या व्यवसायशाळेत १९४७ साली माइल्स मेस यांनी नव्या उद्योगांच्या व्यवस्थापनाचा वर्ग काढला. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेले तरुण त्यात पुष्कळ होते. पहिल्याच खेपेस १८८ विद्यार्थ्यांनी नाव घातले.

मग या शाळेत शिकवतात तरी काय? धंदा कुठे शिकवून येतो का, असा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. पोहणे पुस्तकात वाचून येत नाही, हे खरे. पण बुडू नये म्हणून कमरेला बांधायचा भोपळा कुणीतरी बांधून द्यावा लागतो, हेही तितकेच खरे. हा भोपळा कसा असतो, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू.

समजा, नशिराबादची एक मुलगी एम.बी.ए.च्या वर्गात आहे. तिच्या आईच्या हातचे ज्वारीचे बिबडे नामांकित. ज्वारी भिजत घालायची, कांडायची, तिखट-मीठ-तीळ घालून शिजवायची आणि उन्हाळ्यात कापडावर थापून कडक वाळवायची. पुण्याला गेलेली खानदेशी कुटुंबे या बिबड्यांसाठी जीव टाकतात. मुलीला वाटते, हाच आपला धंदा. ती मोठ्या उत्साहाने हिशेब मांडते. विक्रीची किंमत किलोला ३०० रुपये. ज्वारी, तीळ, मसाला आणि जळण मिळून ९० रुपये. पिशवी आणि खोका २५. पाठवणी २५. दुकानदाराचे कमिशन शेकडा २०, म्हणजे ६० रुपये. एकूण खर्च २००. किलोमागे १०० रुपये निव्वळ सुटतात! वर्गात टाळ्या पडतात.

चांगला प्राध्यापक टाळ्या वाजवीत नाही. तो एवढेच विचारतो, "आईची मजुरी कुठे धरली?"

मुलगी गप्प होते. आईची मजुरी कुणी धरतो का? पण प्राध्यापक खडू उचलतो. आई आणि मावशी दिवसभर राबून ५ किलो बिबडे करतात. दोघींची रोजची मजुरी ४०० रुपयांप्रमाणे धरली तरी ८०० झाले. म्हणजे किलोमागे १६०. शंभर रुपयांचा नफा नाहीसा झाला आणि वर ६० रुपयांचा तोटा आला. जो धंदा नफ्याचा वाटत होता, तो आईच्या फुकटच्या कष्टावर उभा होता. आणि फुकटचे कष्ट दहा किलोंना पुरतात, दहा क्विंटलांना नव्हे. आईची कंबर धरली की धंदा बसला.

व्यवसायशाळेचे पहिले आणि माझ्या मते सर्वांत मोठे काम हेच. उत्साहाला ती हिशेब दाखवते. एवढ्यावर ती थांबली तर तिच्यात आणि 'हे आपले काम नाही' म्हणणाऱ्या काकांत फरक काय राहिला? म्हणून पुढचा प्रश्न येतो: आता हे जमवायचे कसे? इथून खरे शिक्षण सुरू होते. थापण्याचे साधे साधन करून त्याच दोघींच्या हातून दिवसाला ५ ऐवजी १० किलो निघाले, तर मजुरी किलोमागे ८० वर येते. मग दुकानदारामार्फत विकले तरी किलोमागे २० रुपये उरतात आणि थेट घरोघर पाठवले तर ८० उरतात. ते साधन कोण करील? अभियांत्रिकीचा एखादा विद्यार्थी. बिबडे पावसाळ्यात मऊ पडू नयेत, तीळ खवट होऊ नयेत, यासाठी ओलावा किती हवा आणि पिशवी कसली हवी? ते अन्नतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत तपासता येते. त्या साधनात खरोखरच काही नवे असेल, तर एकस्वाचा म्हणजे पेटंटचा अर्ज करता येतो. आपल्या देशात व्यक्तीला, स्टार्टअपला आणि शिक्षणसंस्थेला ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये ठेवलेले आहे. पेटंट मिळाले तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे ते चालते.

शिवाय भांडवलाची गाठ आहेच. बिबडे होतात चैत्र-वैशाखाच्या उन्हात आणि खपत राहतात थेट दिवाळीपर्यंत. ५०० किलो माल करून ठेवायचा तर सामान, पिशव्या आणि मजुरी मिळून जवळजवळ एक लाख रुपये सहा महिने अडकून पडतात. धंदा नफ्यात असूनही हातात पैसा नाही, ही अवस्था ज्याने अनुभवली नाही, त्याने व्यापार केला नाही. खेळते भांडवल हा शब्द पुस्तकात एका ओळीत संपतो. तो कळायला एक उन्हाळा जातो. उबवणी केंद्राने हा उन्हाळा विद्यार्थिदशेतच, थोड्या पैशांत आणि शहाण्या माणसांच्या सोबतीत काढू द्यावा, अशी कल्पना आहे. केंद्र जागा देते, यंत्रे वापरू देते, नोंदणी, कर आणि परवाने यांची वाट दाखवते, त्या धंद्यात मुरलेल्या माणसाची गाठ घालून देते आणि पारखून पाहिल्यावर बीजभांडवलासाठी शिफारसही करते. केंद्र सरकारने २०२१ साली ९४५ कोटी रुपयांची बीजभांडवल योजना जाहीर केली, ती अशा उबवणी केंद्रांच्या मार्फतच. कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्जाच्या वा तत्सम रूपाने साहाय्य, अशी तिची मर्यादा ठरवण्यात आली.

पालकांना ठाऊक नसलेली आणखी एक गोष्ट आहे. उच्च शिक्षणसंस्थांसाठी २०१९ साली राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण निघाले. उद्योग उभारणाऱ्या विद्यार्थ्याला ठरलेल्या प्रकल्पाऐवजी आपल्या उद्योगाचेच काम दाखवता यावे, हजेरी कमी भरली तरी परवानगीने परीक्षेस बसता यावे, वाटल्यास सहा महिने किंवा वर्षभर शिक्षण थांबवून पुन्हा परतता यावे, अशा सवलती संस्थांनी द्याव्यात असे ते सांगते. संस्थेने दिलेल्या सोयी आणि ज्ञान यांच्या मोबदल्यात तिला नव्या कंपनीत २ ते साडेनऊ टक्के भाग घेता येतो. म्हणजे मुलाने 'कॉलेज सोडतो' असे म्हटले की लगेच कपाळाला हात लावण्याचे कारण नाही. आधी विचारावे, सोडतोस की थांबवतोस? परतीचे दार धोरणाने उघडे ठेवले आहे, तर ते मुलाने स्वतःच्या हाताने का लावून घ्यावे?

यावर एखादे जुने गृहस्थ म्हणतील, की आमच्या खानदेशात धंदे निघाले ते कुठल्या विद्यापीठाच्या उबेने? प्रश्न रास्त आहे. अमळनेरला १९४५ च्या डिसेंबरात महंमद हशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली, तेव्हा जिल्ह्यात विद्यापीठ नव्हते. तूप करताना उरणाऱ्या मालातून कपड्यांचा साबण करून त्यांनी टाकाऊतही पैसा पाहिला. १९६६ साली ते वारले आणि अमेरिकेत शिकणारा त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा अझीम शिक्षण अर्धे टाकून परतला. त्या तूप-साबणाच्या कंपनीचीच पुढे 'विप्रो' झाली. अमळनेरच्या ज्या घरांनी तिचे शेअर विश्वासाने जपून ठेवले, त्यांची गोष्ट सर्वश्रुत आहे.

दुसरे नाव वाकोदच्या भवरलाल जैन यांचे. वाणिज्य आणि कायदा शिकलेल्या या तरुणापुढे सरकारी अधिकाऱ्याची नोकरी चालून आली होती. ती सोडून त्यांनी १९६३ साली कुटुंबाच्या साठवणीतले ७,००० रुपये घेतले आणि जळगावात रॉकेलचा व्यापार सुरू केला. १९७८ साली केळीच्या भुकटीचा एक बंद कारखाना त्यांनी घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. पुढे नळ्या आल्या, ठिबक सिंचन आले, आणि जळगावचे नाव जगाच्या शेतीत गेले. २०१६ साली ते निवर्तले.

या दोघांना विद्यापीठाची ऊब मिळाली नाही, हे कबूल. पण त्यांना ऊब मुळीच मिळाली नाही, असे मात्र नाही. एकाच्या पाठीशी घराण्याचा व्यापार होता. दुसऱ्याच्या पाठीशी पैपैने साठवलेली कुटुंबाची पुंजी आणि व्यापारी समाजाचे बाळकडू होते. हिशेब, उधारी, पत, माणसाची पारख या गोष्टी त्यांनी पंगतीत आणि ओट्यावर ऐकल्या. ज्या मुलीचे वडील एस.टी.त वाहक आहेत किंवा चार एकरांत केळी लावतात, तिने हे कुठे ऐकावे? व्यापाऱ्याच्या मुलाला जे ओट्यावर फुकट मिळते, ते इतरांच्या मुलांना विद्यापीठाने द्यावे, एवढाच या सगळ्या खटाटोपाचा अर्थ आहे. तो साधला तर ती लहान गोष्ट नव्हे. धंदा हा ठरावीक घराण्यांचा वारसा राहणार की कुणाच्याही मुलाबाळांना खुला होणार, हा प्रश्न त्यात गुंतला आहे.

साधले तर, असे मी म्हटले, ते हेतुपूर्वक. मी शिक्षकाच्या जातीचा असल्याने शिक्षणसंस्थांची एक खोड मला ठाऊक आहे. आम्हाला समारंभ फार आवडतात. उद्घाटनाला फीत, मग चर्चासत्र, मग भित्तिपत्रकांची स्पर्धा, मग बक्षीस आणि छायाचित्र. छायाचित्र छापून आले की उद्योजकता रुजली, अशी आमची समजूत होते. जानेवारी २०२५ पर्यंत देशात सरकारमान्य स्टार्टअपची संख्या दीड लाखांवर गेली आणि त्यांत महाराष्ट्र अग्रभागी आहे. आकडा अभिमानाचा खरा. पण नोंदणी म्हणजे बारसे. मूल चालते कधी, ते पाहायचे असते. शिवाय कल्पना सुबक इंग्रजीत पडद्यावर मांडली तरच ती कल्पना, असा एक समज फोफावतो आहे. ज्या मुलाला शेतातला प्रश्न बोटाच्या पेराइतका जवळून ठाऊक आहे, तो केवळ भाषेपायी मागच्या बाकावर बसून राहिला, तर उबवणी केंद्राने अंडे ओळखलेच नाही म्हणायचे.

बहिणाबाईंचे नाव इथे नुसत्या पाटीपुरते उरत नाही. १८८० साली जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचीत. सुगरणीचे घरटे पाहून गाणे करणाऱ्या या बाईंना कारागिरी आणि कष्ट यांची पारख कुणी शिकवायला नको होती. पण त्यांचे मुलगे सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी ती गाणी टिपून ठेवली नसती तर? १९५१ च्या डिसेंबरात त्या वारल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. प्रतिभा बहिणाबाईंची, त्यात कुणी भर घातली नाही. पण एकाने ती कागदावर उतरवली, दुसऱ्याने तिचे मोल ओळखून ती बाजारात आणली. नाहीतर चौधरी वाड्यातल्या चार बायांखेरीज ती कुणाला कळलीच नसती.

व्यवसायशाळेने नेमके हेच करायचे असते. गुण आणि कल्पना ती निर्माण करू शकत नाही, तसा दावाही तिने करू नये. नशिराबादच्या घरात जे आहे ते टिपून घ्यायचे, मोजायचे, तावून पाहायचे आणि योग्य माणसापर्यंत पोचवायचे. यातले टिपणे आणि मोजणे ही कामे कमी दिमाखाची, म्हणून बहुधा तीच राहून जातात.

आता वडिलांच्या हातात राहिलेल्या त्या चकलीचे काय? मुलाच्या बोलण्यावर संतापू नये आणि विरघळूनही जाऊ नये. चार प्रश्न शांतपणे विचारावेत. नातेवाईक आणि मित्र सोडून एखाद्या परक्या माणसाने रोख पैसे देऊन तुझा माल घेतला आहे काय? हिशेबाची वही रोज लिहितोस काय आणि ती मला दाखवशील काय? किती रुपये आणि किती महिने यात घालवायचे आणि त्यानंतर थांबायचे, हे आजच तारीख घालून लिहून देतोस काय? आणि चौथा प्रश्न घरातल्या बाईने विचारावा, कारण तो विचारण्याचा पहिला हक्क तिचा: यात माझी मजुरी कुठे धरली आहेस?

या चारही प्रश्नांना मुलाजवळ उत्तरे असतील, तर त्याला वर्षभराची मुभा द्यायला हरकत नाही. नोकरीचे अर्ज पुढच्या वर्षीही निघतील. उत्तरे नसतील, तर त्याला रागावू नका. उत्तरे शोधायला विद्यापीठात परत पाठवा. गिरणेकाठची ती प्रशाळा आणि ते केंद्र त्यासाठीच आहे. आणि तिथल्या प्राध्यापकाने बिबड्यांच्या हिशेबाला टाळ्या वाजवण्याऐवजी खडू उचलला, तर मुलगी योग्य हातात आहे असे समजून निर्धास्तपणे फराळाला बसा.